क्रीडा विभागाच्या वेबसाइटवर फोटो किती आणि जाहिराती कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका महाविद्यालयात क्रीडा विभागाची वेबसाइट एका तरुण प्राध्यापकांच्या गळ्यात पडली आहे. वार्षिक क्रीडा महोत्सवाचे तीन हजारांवर फोटो विद्यार्थ्यांनी काढलेत. त्यातले निम्मे साइटवर चढवले आणि पान उघडेनासंच झालं. तिकडे प्राचार्य म्हणतात, प्रायोजकांच्या जाहिराती घ्या आणि ट्रॅकसूटचा खर्च सुटेल असं बघा. तीन प्रायोजक तयार आहेत, तिघांनाही होम पेजवर सगळ्यात वरची जागा हवी आहे. त्यातल्या दुचाकीच्या शोरूमवाल्यांना तर साइट उघडताक्षणी आवाजासकट व्हिडिओ सुरू व्हायला हवा आहे.

नागपूर आणि आसपासच्या काही महाविद्यालयांच्या साइटचं काम मी बरीच वर्षं बघतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. फोटोंचा गुंता सुटला की जाहिरातींचा बहुतेक आपोआप सुटतो, म्हणून आधी फोटोंचंच बोलतो.

तुमच्या साइटवर येतं कोण? खेळाडू, त्यांच्या घरचे, मित्रमंडळी आणि क्वचित दुसऱ्या कॉलेजचे सर. हे लोक होम पेजवरून आत येत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट गॅलरीत उतरतात, तेही मोबाइलवर. काटोल-उमरेडकडच्या एखाद्या गावातून साइट उघडणाऱ्या मुलाला नेटवर्कच्या दोन काड्या मिळाल्या तरी पुष्कळ. त्याचा प्रश्न एकच असतो, “सर, मायावाला फोटो कुठं हाय?” याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं नाही तर तो पुन्हा येत नाही, आणि तो आला नाही तर तुमच्या प्रायोजकाची जाहिरात बघायला उरतं कोण?

आता आकडे बघा. आजच्या साध्या कॅमेऱ्याचा एक फोटो सहा ते दहा एमबीचा. साठ फोटोंचं पान मूळ आकारात टाकलं तर चार-पाचशे एमबी झाले. तोच फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेल करून, दर्जा ७५ ते ८० ठेवून वेबपी या हलक्या चित्र-प्रकारात साठवला तर दोन-तीनशे केबीत बसतो आणि मोबाइलवर फरक कळत नाही. गॅलरीच्या पानावर तर त्याचीही गरज नाही. तिथे ४०० पिक्सेलची छोटी प्रत पुरते, वीस ते चाळीस केबीची. म्हणजे साठ फोटोंचं पान दोन एमबीच्या आसपास येतं. मोठी प्रत बोट लावल्यावरच उघडावी. खालचे फोटो खाली सरकल्यावरच उतरावेत, म्हणजे लेझी लोडिंग चालू ठेवा. पहिल्या ओळीतल्या फोटोंना मात्र ते लावू नका, नाहीतर वरचाच भाग रिकामा दिसत राहतो. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा. ती नसेल तर फोटो उतरताना पान खाली-वर उडतं, बोट एकीकडे ठेवावं आणि उघडावं भलतंच. जाहिरात असलेल्या पानावर तर ही फारच वाईट गोष्ट. लोकांना वाटतं, मुद्दाम फसवून क्लिक करायला लावलं.

पण आकार कमी करणं हे यंत्राचं काम, ते एका दुपारी उरकतं. खरं काम निवडीचं आहे. तीन हजारांतले दीडशे-दोनशे फोटो जाहीर गॅलरीत जावेत, त्याहून जास्त नाही. प्रत्येक प्रकाराची सुरुवात, चुरस, शेवट आणि पदक, अशा चार-सहा चौकटी पुरतात. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो दोन. यावरून वाद होईल, होऊ द्या. त्याऐवजी पहाटे ट्रॅकवर फक्की टाकणाऱ्या मैदान कर्मचाऱ्यांचा एक फोटो नक्की ठेवा. असे फोटो लोक हमखास एकमेकांना पाठवतात.

उरलेले फोटो फेकायचे नाहीत. महाविद्यालयाच्या संस्थात्मक ड्राइव्हवर ठेवा आणि खेळाडूंना कॉलेजच्या ईमेलवरून महिनाभर बघता-उतरवता येतील अशी सोय करा. मात्र ड्राइव्ह संस्थेचंच हवं. अनेक ठिकाणी गॅलरीच्या जागी एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी गूगल खात्याची लिंक असते. तो पास होतो, नोकरीला पुण्याला जातो, जागा संपली म्हणून फोल्डर पुसतो आणि कॉलेजची तीन वर्षं गायब होतात. शिवाय दोन वर्षं वापरात नसलेलं खासगी खातं गूगल स्वतःच बंद करू शकतं.

निवड दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत हललेले, अंधारलेले आणि तेच तेच फोटो काढा, हे कुणीही करेल. दुसऱ्या फेरीला एखाद्या महिला सहकाऱ्याला किंवा वरच्या वर्गातल्या खेळाडू मुलीला बसवा, आणि तिचा शब्द अखेरचा माना. लांब उडीत वाळूत पडतानाच्या, उंच उडीत दांडी ओलांडतानाच्या काही चौकटी तंत्राच्या दृष्टीने झकास असतात, पण त्या मुलीला स्वतःचा तो फोटो जगासमोर नको असतो. शंका आली की फोटो बाहेर. आणि कुणी ‘माझा फोटो काढा’ म्हटलं तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा. त्यासाठी गॅलरीच्या खाली विभागाचा ईमेल ठळक दिसू द्या.

तुमच्याकडे कनिष्ठ महाविद्यालयही असेल तर हा भाग आणखी काळजीचा. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार ती बालक ठरतात, त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर थांबायचं कारण नाही. स्पर्धेच्या प्रवेश अर्जावरच फोटो साइटवर टाकण्याच्या संमतीची एक वेगळी ओळ छापा, खाली पालकांची सही घ्या. मी तर कनिष्ठच्या गॅलऱ्या जाहिरातींशिवायच ठेवतो. डोक्याला ताप कमी.

फोटोखालची ओळ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ‘आयएमजी ४५२७’ किंवा ‘क्रीडा महोत्सवातील क्षण’ असं लिहिलेला फोटो ना गूगलला सापडतो, ना त्या मुलाला. ओळ अशी हवी: “मुलींची ८०० मीटर, अंतिम फेरी, शेवटचा वळसा. चेस्ट नंबर ११४ (बी.ए. भाग २) आघाडीवर.” नाव टाकायला संमती असेल तर नावही. पण तीन आठवड्यांनी संगणकासमोर बसून ११४ नंबर कुणाचा हे आठवणार नाही. म्हणून सोय मैदानावरच करायची. प्रत्येक शर्यतीआधी फोटोग्राफरनं पहिला फोटो पंचांच्या हातातल्या स्टार्ट लिस्टचा, म्हणजे धावपटूंच्या यादीचा, काढायचा, मग धावपटूंचे. निवडायला बसलात की कागदाचा फोटो दिसला, म्हणजे इथून नवी शर्यत. आणि दोन-तीन कॅमेरे असतील तर सकाळीच सगळ्यांची घड्याळं एका मोबाइलशी जुळवून घ्या. कुणाचा कॅमेरा पाच मिनिटं मागे असला की रिलेचे फोटो गोळाफेकीत घुसतात आणि दोन दिवस निस्तरत बसावं लागतं.

मजकूर युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीत. सीताबर्डीतल्या डीटीपीवाल्यानं कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप करून दिलेली नावांची यादी तशीच चिकटवली तर साइटवर अगम्य चिन्हं उमटतात. आधी रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा: वर्ष, स्पर्धा, प्रकार, अनुक्रमांक.

नॅकचं, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेचं, एक त्रांगडं आहे. पुराव्यासाठी जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद, असलेले फोटो लागतात म्हणून मुलं जीपीएस मॅप कॅमेऱ्यानं फोटो काढतात आणि प्रत्येक चौकटीच्या तळाशी नकाशा, पत्ता, अक्षांश-रेखांश यांची पट्टी येते. ही पट्टी गॅलरीत भयानक दिसते. दोन वेगळ्या सोयी करा. एका विद्यार्थ्याकडे फक्त नॅकसाठीचं काम द्या, प्रत्येक प्रकाराचे दोन-तीन पट्टीवाले फोटो थेट आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, फोल्डरमध्ये. जाहीर गॅलरीतल्या फोटोंतून मात्र स्थानाची दडलेली माहिती काढून टाका. आकार कमी करणारी बहुतेक साधनं ते एका खुणेवर करतात. मूळ फोटो मात्र जसाच्या तसा जपा.

मालकीचंही बघून घ्या, कारण पुढे प्रायोजक फोटो मागणारच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. हौसेनं फुकट फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याचे फोटो मात्र त्याचेच असतात. लोक नेमकं उलट समजतात. तेव्हा त्या पोरांकडून साइट, वार्षिकांक आणि समाजमाध्यमांसाठी वापराची लेखी परवानगी घ्या आणि प्रत्येक गॅलरीवर त्यांची नावं द्या. नाव छापून आलं की पुढच्या वर्षी तीच पोरं पहाटे पाचला रवीनगरच्या मैदानावर हजर.

आता जाहिराती. तुमच्या तीन प्रायोजकांना होम पेजचा माथा हवा आहे, कारण वर्तमानपत्रात पहिल्या पानाला भाव असतो हे त्यांना ठाऊक आहे. वाद घालू नका. ॲनालिटिक्स उघडा आणि गेल्या महोत्सवानंतरच्या आठवड्यात कोणतं पान किती वेळा उघडलं ते दाखवा. मी पाहिलेल्या साइटवर गॅलरीची पानं होम पेजला मागे टाकतात, तुमच्याकडे वेगळं असेल तर तुमचाच आकडा खरा माना. गॅलरी पुढे असेल तर प्रायोजकाला स्पर्धाप्रकार विका: रिले शर्यतींची गॅलरी एकाच्या सौजन्यानं, उड्यांची दुसऱ्याच्या, फेकीची तिसऱ्याच्या. त्या पानांवर त्याच्याशिवाय कुणाचीही जाहिरात नाही. ‘वर कोण’ हा प्रश्नच उरत नाही. फिरत्या पट्टीत तिघांना बसवण्याचा मोह टाळा, दुसरं चित्र येईपर्यंत माणूस खाली सरकलेला असतो. आणि तळाला वीस लोगोंची रांग म्हणजे चौकातल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवरचे चेहरे. कुणीही बघत नाही, फक्त ज्याचा आहे तो बघतो.

गॅलरीच्या पानावर जागा दोनच: मथळ्याखाली ‘सौजन्य’ म्हणून नाव आणि लोगो, आणि फोटोंच्या पहिल्या दोन-तीन ओळींनंतर एक चौकोन. ३०० बाय २५० ही प्रचलित मापाची जागा मोबाइलवरही नीट बसते आणि कुठलाही डिझायनर त्या मापात करून देतो. चौकोनावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ हा शेरा लावा. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी गूगलनं तो २०१९ पासून ठेवला आहे. एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही: जाहिरातीच्या फाइलला किंवा फोल्डरला ‘ॲड्स’, ‘बॅनर’ अशी नावं देऊ नका. जाहिरात अडवणारी साधनं बहुतेकदा अशी नावं बघूनच चित्र लपवतात, आणि मग प्रायोजक स्वतःच्या लॅपटॉपवर साइट उघडून विचारतो, माझी जाहिरात आहे कुठे?

खेळाडूच्या फोटोवर प्रायोजकाचा लोगो छापायचा नाही. पहिलं कारण व्यवहाराचं: लोगो चिकटवलेला फोटो मुलं स्टेटसला ठेवत नाहीत, मग गॅलरी फिरणारच नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एखादी मुलगी फिनिश लाइन ओलांडतेय आणि खाली हॉस्पिटलचा लोगो, म्हणजे ती त्या हॉस्पिटलची जाहिरात करतेय असं दिसतं. तिनं तसं म्हटलेलं नाही. साइटवर फोटो टाकायची संमती वेगळी, जाहिरातीत वापरायची वेगळी. कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला निवड झाल्यानंतरची लेखी संमती सांगितली आहे. खेळाडूंनाही तोच न्याय लावा. प्रायोजकाला फोटोत दिसायचंच असेल तर त्याचा फलक मैदानावर अशा जागी लावा की फिनिशच्या कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीत तो सहज येईल. ते प्रामाणिक आहे आणि त्या जागेचे तुम्हाला जास्त पैसेही मिळतात.

कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत हे आधीच कागदावर असू द्या. तंबाखू, गुटखा, दारू यांचा प्रश्नच नाही. त्यांच्या नावाची सुपारी, वेलची, सोडा दाखवणाऱ्या छुप्या जाहिरातींनाही २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली. या यादीत मी प्रोटीन पावडर आणि सप्लिमेंटची दुकानंही घालतो. कायद्यानं ती बंद नाहीत आणि पैसे देणारे पहिले तेच असतात. पण उत्तेजकांच्या चाचणीत शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, डब्यात भेसळ होती म्हणून सुटका होत नाही. क्रीडा विभागाच्याच साइटवर बघून घेतलेला डबा उद्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत एखाद्याला महागात पडला तर? गूगलच्या आपोआप येणाऱ्या जाहिरातीही नकोत. मिळकत चिल्लर, आणि वेळप्रसंगी शेजारच्या कॉलेजच्या प्रवेशाची जाहिरात तुमच्याच पानावर.

पैशाचा मार्ग तुमच्या संस्थेच्या स्वरूपावर अवलंबून आहे. अनुदानित, विनाअनुदानित, स्वायत्त, सगळीकडे रीत वेगळी. तरी दोन गोष्टी सगळीकडे पाळाव्यात. प्रस्ताव महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्या, आणि रक्कम महाविद्यालयाच्याच खात्यात घ्या. क्रीडा शिक्षकाच्या यूपीआयवर कधीही नाही, मग रक्कम कितीही छोटी असो. देणगी आणि जाहिरात यांतला फरकही सीएला विचारून ठरवा. देणगीदाराचं नाव केवळ कृतज्ञतेनं लावलं, त्याच्या धंद्याचा प्रचार नसला तर धर्मादाय संस्थेला त्यावर जीएसटी नाही, असं ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. पण नावाखाली दुकानाचा फोन आणि ‘दहा टक्के सूट’ आली की ती जाहिरात झाली. मग पावतीही त्याप्रमाणे.

करार एका पानाचा पुरे. त्यात कोणती गॅलरी, कोणती जागा, कधीपासून कधीपर्यंत, फाइल कोण देणार, एका प्रकारचा धंदा एकच घेणार की नाही आणि आक्षेप आल्यास जाहिरात उतरवण्याचा अधिकार महाविद्यालयाचा, एवढं असलं की झालं. मुदत स्पर्धांच्या हंगामाला धरून ठेवा. पावसाळा ओसरल्यावर सुरू होऊन उन्हाळी परीक्षांपर्यंत जो हंगाम चालतो, त्यातच साइटला गर्दी असते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ना मैदानावर कुणी, ना साइटवर. हंगाम संपला की प्रायोजकाला अर्ध्या पानाचा अहवाल पाठवा: पान किती वेळा उघडलं, जाहिरात किती जणांनी दाबली आणि पानाचा एक स्क्रीनशॉट. क्लिक कमीच असतात, आकडा फुगवू नका. आपल्याकडचे स्थानिक प्रायोजक क्लिकपेक्षा नावासाठी पैसे देतात आणि खरा आकडा दिला की पुढच्या वर्षी टिकतात.

मुदत संपल्यावर ‘सौजन्य’ ही साधी ओळ जुन्या गॅलरीत राहू द्यावी, ती नोंद आहे. लिंक आणि चौकोन मात्र काढायचाच. दुकान बंद पडतं, त्याचं डोमेन सुटतं, ते कुणी सट्टेवाला विकत घेतो आणि कॉलेजच्या पानावरून थेट सट्ट्याच्या साइटवर रस्ता उघडतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नेहमीचं आहे. दर तीन महिन्यांनी सगळ्या बाहेरच्या लिंक एकदा दाबून बघा.

राहिले शोरूमवाले. आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओला नाही म्हणा. बहुतेक ब्राउझर तसा आवाज आता सुरू होऊच देत नाहीत, म्हणजे त्यांच्या हाती फक्त मुका व्हिडिओ लागेल आणि मुलांचा डेटा जाईल. त्याऐवजी त्यांना बक्षीस वितरणाची गॅलरी द्या. मुलं पदक घेतानाचा फोटो आई-वडिलांना पाठवतात, आणि घरात गाडी घ्यायची की नाही हे तेच ठरवतात. हे गणित शोरूमच्या मॅनेजरला समजावून सांगावं लागणार नाही.